एका कानात सुधादा

माघ लागला की आमच्या आळीत सकाळी दार उघडताच मोहराचा वास अंगावर येतो. गोड म्हणावा तर गोड नाही. किंचित आंबूस, उष्ण, नाकात शिरला की दुपारपर्यंत न निघणारा. बागायतदाराला हा वास आला की तो आधी आभाळाकडे बघतो. ढग आहेत का, धुकं उतरलंय का, मोहर काळा तर पडणार नाही ना. माझी बाग नाही. परसात दोन कलमं आहेत आणि तीही वर्षाआड रुसतात. मला त्या वासाने वेगळंच काहीतरी होतं. डाव्या हाताची बोटं नकळत आवळली जातात, जणू एक जाड तार दाबून धरायची आहे. बायकोला आता सवय झाली आहे. ती कप माझ्या हातातून काढून घेते आणि म्हणते, चहा गार झाला, दुसरा करते.

तो हिवाळा ऐंशी साल उलटून गेल्यानंतरचा. नेमकं साल सांगून काही उपयोग नाही, कारण माझ्या लेखी तो हिवाळा संपलेलाच नाही.

आमच्या गावात तेव्हा बापूंचा ऑर्केस्ट्रा होता. बापू दिवसा कापडाच्या दुकानात मापं घ्यायचे आणि संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवायचे. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला, मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्यांच्या वाडीत, असे त्यांचे कार्यक्रम चालायचे. त्यांच्याकडे बेस गिटार वाजवणारा सुधाकर होता. आम्ही त्याला सुधादा म्हणायचो. उंच, जरा वाकलेला, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्या कारखान्यातलं मोठं यंत्र दिवसभर एका लयीत धडधडायचं, आणि सुधादा म्हणायचा की त्याला ताल कुणी शिकवला नाही, तो नोकरीत मिळाला.

बेस गिटार म्हणजे काय हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चार जाड तारा, लांब मान, आणि आवाज असा की तो वेगळा ऐकूच येत नाही. गाणारा ऐकू येतो, अ‍ॅकॉर्डियन ऐकू येतं, ढोलक तर वाडीच्या पलीकडे ऐकू जातो. सुधादाचं वाजणं मात्र या सगळ्यांच्या खालून जायचं, घराखालून पाणी वाहावं तसं. लोक त्याची थट्टा करायचे, की सुधा उंच आहे म्हणून बापूंनी त्याला मागे पडदा धरायला उभा केलाय. तो हसायचा. मी कॉलेजात असताना एकदा कार्यक्रमाला स्पीकरच्या खोक्याला टेकून उभा होतो. तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. कानाला नाही, बरगड्यांना कळलं. त्यानंतर मी जिथे कार्यक्रम असेल तिथे जाऊन त्या खोक्यापाशीच उभा राहायला लागलो. सुधादाने ते पाहिलं असावं. एकदा सामान आवरताना त्याने गिटार माझ्या हातात दिली, मी दोन स्वर काढले, आणि तो एवढंच म्हणाला की बोटं लांब आहेत तुझी, जमेल.

त्या हिवाळ्याआधीच्या भाद्रपदात त्याला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध झालं, मग इस्पितळ झालं, आणि गौरी गेल्या त्याच आठवड्यात सुधादाही गेला. त्याचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. बायको मंदा, आमची मंदावहिनी, वेळणेश्वरकडची. तिला मूलबाळ नव्हतं. ती रडली नाही असं बायका एकमेकींत बोलत होत्या, पण ते मी तेव्हा कानाआड केलं.

दिवाळीनंतर बापू आमच्या घरी आले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते पडवीतल्या बाकावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. महाशिवरात्रीला वेळणेश्वरला कार्यक्रम ठरला होता, आणि बेसशिवाय ऑर्केस्ट्रा म्हणजे तळ फुटलेलं भांडं. ते मंदावहिनीकडे गेले होते, म्हणाले. गिटार मागायला जीभ रेटत नव्हती. तिनेच ती खुंटीवरून काढून दिली आणि सांगितलं, की पडून राहिली तर बुरशी येईल, वाजती राहू दे.

मी तेव्हा सकाळी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होतो आणि नोकरीसाठी अर्ज करत होतो. दुपार मोकळी असायची. गिटार मी आनंदाने घेतली असती, पण घरात आवाज करायची सोय नव्हती. आदल्या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं, आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे त्यांना आवाज सोसेनासा झाला. भांडं पडलं तरी ते दचकून लहान मुलासारखे रडायला लागायचे. आईने रेडिओ बंद केला होता, भिंतीवरच्या घड्याळाच्या टोल्याला फडकं बांधलं होतं, आणि आम्ही सगळे कुजबुजत जगायला शिकलो होतो. बापू गेल्यावर आई गिटारीकडे बघून म्हणाली, "वाजव तू. पण ह्यांच्या कानावर जाता नये."

आमच्या घराच्या मागच्या अंगाला अढीची खोली होती. चैत्र-वैशाखात तिथे भाताच्या पेंढ्यावर आंबे पिकत घालायचे, बाकी वर्षभर ती रिकामी. चिऱ्याच्या जाड भिंती, एक लहान झरोका, कोपऱ्यात रिकामी खोकी आणि गेल्या वर्षीचा पेंढा. मी तिथे बसायचं ठरवलं. पण बेस गिटारला आवाज मोठा करणारं मशीन लागतं. मशीनशिवाय तारा नुसत्या टुक टुक करतात, लाकडावर नख आपटावं तशा. बापूंचं मशीन म्हणजे कपाटाएवढं खोकं, ते घरी आणण्यात अर्थ नव्हता. घरात होता तो मामाने मस्कतहून आणलेला कॅसेटवाला टेप. त्याला माइक लावायचं भोक होतं आणि कानात घालायच्या वायरचंही. मी बाजारातून पिन आणली, गिटारच्या वायरीला डाग देऊन जोडली आणि माइकच्या जागी खुपसली. टेपमध्ये कोरी कॅसेट घातली, रेकॉर्डचं आणि पॉजचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबली. आता टेप फिरत नव्हता, पण आत जाणारा आवाज हेडफोनमध्ये यायला हवा होता. हेडफोन मामाचाच, जाड गाद्यांचा, कान पूर्ण झाकणारा. गिटारचं बटण अगदी थोडं उघडलं, कारण जास्त उघडलं की आवाज फाटायचा. आणि सर्वांत जाड तार सोडली.

तो आवाज कानात आला असं मला वाटलं नाही. तो मानेमागून आला, कुणीतरी पाठीशी येऊन उभं राहावं तसा. मी मागे वळून पाहिलं. मागे पेंढा होता.

हल्ली माझा पुतण्या मोबाइलला एक वायर जोडतो, डोक्यावर हेडफोन चढवतो आणि खाटेवर पडल्या पडल्या वाजवतो. त्याला हवा तो आवाज मिळतो, सोबतीला ढोल मिळतात, गाणं मिळतं. मला त्याचा हेवा वाटत नाही. फक्त तो मान खाली घालून, बाहेरच्या जगाला बंद करून बसलेला दिसला की मी दारातून परत फिरतो. त्या गाद्यांच्या आत त्याच्याबरोबर आणखी कोण असेल, हे विचारायची मला भीती वाटते.

नुसते स्वर काढून कार्यक्रम बसवता येत नाही. गाणी हवीत. बापूंकडे जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी होत्या, मशीनवरून थेट भरलेल्या. त्यांनी एक कॅसेट आणि स्वतःचा टेप मला वापरायला दिला. आता अडचण अशी की एका टेपवर माझी गिटार, दुसऱ्यावर गाणं, आणि हेडफोन एकच. मग मी हेडफोनची वायर मध्ये कापली. डाव्या कानाची तार एका पिनेला जोडली, उजव्या कानाची दुसऱ्या पिनेला. डावा कान माझ्या टेपला, उजवा बापूंच्या. स्वस्तात काम झालं म्हणून मी खूश होतो.

उजव्या कानात गाणं सुरू झालं. लहान स्पीकरवर जे कधीच ऐकू येत नसे ते त्या जाड गादीच्या आत स्वच्छ ऐकू आलं. गाण्याच्या, अ‍ॅकॉर्डियनच्या, ढोलकच्या खाली सुधादा वाजत होता.

मी बोटं उचलली आणि नुसता ऐकत राहिलो. माणूस गेला की त्याचा फोटो राहतो, सदरा राहतो, चपला राहतात. त्या सगळ्या वस्तू गप्प असतात. हा गप्प नव्हता. तो ठोक्याच्या केसभर मागे वाजवायचा, घाई नसलेल्या माणसाने पायरी उतरावी तसा. दोन गाण्यांच्या मध्ये तार सैल झाली की हळूच पिळायचा. आणि एका गाण्यात, कडवं संपून ध्रुपद परत येताना, तो तारेवरचं बोट न उचलता खालून वर सरकत जायचा, आणि तो स्वर वर पोचला की सगळं गाणं उचललं गेल्यासारखं वाटायचं. ही जागा त्याची स्वतःची होती. ती मूळ गाण्यात नव्हती.

मी त्याच्याबरोबर वाजवायला लागलो. एका कानात तो, एका कानात मी. सुरुवातीला तो पुढे आणि मी धडपडत मागे. मग पौष गेला, मोहर फुटला, झरोक्यातून तो वास आत यायला लागला, आणि आमच्यातलं अंतर कमी होत गेलं. माझी बोटं मी ठरवायच्या आधी जागा घ्यायची. मी चालताना किंचित वाकायला लागलो. मी एकदा ताटावर बसलो असताना आईने विचारलं, की डावा पाय असा का हलवतोस, तुला सवय नव्हती. बापूंच्या घरी तालीम होती तेव्हा त्यांनी डोळे मिटून अ‍ॅकॉर्डियन वाजवलं आणि गाणं संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, की सुधा, दुसरं कडवं जरा ओढून घे. बापूंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला आत निघून गेले. मला भीती वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

हे शब्दांत पहिल्यांदा बाबांनीच सांगितलं. ते काठी टेकत अढीच्या खोलीशी आले होते. मी डोक्यावर हे काय घालतो, असं त्यांनी चांगल्या हाताने खुणावलं. मी आवाज अगदी बारीक करून हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, गाणं लावलं आणि वाजवायला लागलो. मला वाटलं ते दचकतील. ते दचकले नाहीत. डोकं एकदा डावीकडे झुकवलं, एकदा उजवीकडे. मग वाकड्या झालेल्या ओठांतून शब्द गोळा करत म्हणाले, "दोघं."

मी मान डोलावली. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी कुठला, कुणाचा, हे त्यांना आठवत नसावं.

माघातल्या एका दुपारी मंदावहिनी आली. ती बाजारातून परत जाताना आईला भेटायला आली होती. आई बाबांना औषध देत होती म्हणून ती माजघर ओलांडून मागे आली. मी कानांवर गाद्या चढवून, डोळे मिटून वाजवत होतो, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. डोळे उघडले तर दाराच्या चौकटीला धरून ती उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मागून आई आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काय झालं गो?"

"घरी हे वाजवायचे तेव्हा असंच यायचं," वहिनी म्हणाली. "नुसतं टुक टुक. बाकी काय नाय."

मग ती खोक्यावर बसली आणि हळूहळू बोलली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं वाजवणं ऐकलं होतं ते एवढंच. घरी मशीन नव्हतं, म्हणून तारांची टुक टुक. कार्यक्रमाला गेली की सगळं एकदम वाजायचं, त्यात त्याचं कुठलं हे तिला कळायचं नाही. एकदा तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, कधीतरी निवांत सांगेन. तसा निवांतपणा मिळाला नाही.

मी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मी माझा टेप बंद केला, दोन्ही पिना एकाच ठिकाणी लागतील अशी जोडणी केली आणि हेडफोन वहिनीच्या डोक्यावर ठेवला. तिने दोन्ही हातांनी गाद्या कानांशी दाबून धरल्या.

"ह्यातलं ह्यांचं कुठलं, भावजी?" तिने विचारलं. ऐकू येत नसलं की माणूस मोठ्याने बोलतो, तशी ती मोठ्याने बोलली. आईने घाईने ओठांवर बोट ठेवलं.

मला गाणं ऐकू येत नव्हतं, पण ते पाठ होतं. वहिनी कुठे पोचली असेल हे मी तिच्या बोटांच्या हालचालीवरून ओळखलं आणि तिच्या समोरच्या खोक्यावर सुधादाचे ठोके बोटाने देत गेलो. ती माझ्या बोटाकडे बघत ऐकत राहिली. बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग तिने माझ्या बोटावरची नजर काढली, समोरच्या भिंतीकडे नेली आणि तिथेच ठेवली. तिला सापडला होता. मी बोट थांबवलं. तिला आता माझी गरज नव्हती.

त्यानंतर ती दुपारी यायला लागली. रोज नाही, पण वरचेवर. आई समोर तांदूळ निवडत बसायची, मी पडवीत जाऊन बसायचो, आणि वहिनी अढीच्या खोलीत डोळे मिटून ऐकायची. आळीत कुजबुज झाली. विहिरीवर एकीने आईला आडून विचारलं, की मंदा एवढी कशाला येते तुमच्याकडे, घरात तरणा मुलगा. आईने तिला सांगितलं की माझ्या घरात येते, माझ्यासमोर बसते, आणखी काय विचारायचं असेल तर विचार. पुन्हा कुणी विचारलं नाही.

वहिनी बदलत गेली ते आईला आवडत नव्हतं, मलाही कळत होतं. ती आता बारीकसारीक सांगायची. ह्या गाण्यात हे खुशीत आहेत. ह्यात कंटाळलेत. इथं तार उतरली म्हणून चिडलेत. बोलताना ती "होते" म्हणायची नाही. एकदा जाताना ती आईला म्हणाली, की उद्या येते, ह्यांना सांगा. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

शिवरात्र जवळ आली तेव्हा वहिनीने मला थांबवलं. म्हणाली, की आज तुम्हीपण वाजवा, मला दोघांचं ऐकायचंय. मी जोडणी पहिल्यासारखी केली. एका कानात सुधादा, एका कानात मी. तिने हेडफोन चढवला. गाणं सुरू झालं आणि मी वाजवायला लागलो. माझ्या कानांना फक्त माझ्या तारांची टुक टुक येत होती, परसातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता, पण आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं. मी चांगला वाजवत होतो. ध्रुपदाकडे परतताना मी ते बोट खालून वर सरकवलं, जसं तो सरकवायचा, अगदी तेवढंच रेंगाळत.

वहिनीने हेडफोन काढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आधी एका गादीकडे बघितलं, मग दुसऱ्या.

"कुठल्या कानात कोण, मला कळेना," ती म्हणाली.

मला वाटलं ती कौतुक करते आहे. मी काहीतरी पुटपुटलो असेन. तिने माझ्याकडे बघितलं आणि फार हळू आवाजात म्हणाली, "भावजी, असं वाजवू नका. तुम्ही ह्यांच्यासारखं वाजवलंत तर हे गेलेत कुठं, ते मला कधी समजायचं नाय."

ती उठली, आईच्या पाया पडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतर कळलं की शिवरात्रीसाठी तिचे वडील तिला माहेरी घेऊन गेले.

मी उजव्या कानाची पिन बापूंच्या टेपमधून उपटली. उजवा कान मुका झाला. डाव्या कानात मी एकटा राहिलो, आणि तेव्हा कळलं की तिथे कुणीच नाही. माझी अशी एकही जागा नव्हती. बोट जिथे पडेल तिथे सुधादाचं. केसभर उशीर त्याचा, तार सोडताना ओढ त्याची. त्याचं टाळून वाजवायला गेलो की हात जड पडायचा. तालमीत बापू नाराज झाले. म्हणाले, परवापर्यंत छान चाललं होतं, आता काय झालं. दुपारभर अढीच्या खोलीत बसून मी एकेक स्वर नव्याने उचलायचा प्रयत्न केला. बाहेर मोहर इतका दाट होता की त्याचा वास डोक्यात चढायचा. हळूहळू थोडं जमलं. मी ठोक्याच्या मागे राहायचं सोडलं, बरोबर ठोक्यावर यायला लागलो. ते साधं होतं, थोडं कोरडं होतं, पण मी होतो. एक जागा मात्र सुटेना. ते ध्रुपदाकडे परतणं. तिथे मी काहीही घातलं तरी खोटं वाटायचं, आणि त्याचं तर घालायचं नव्हतं.

वेळणेश्वरला आम्ही टेम्पोने गेलो. देवळाजवळच्या माडांत मांडव घातला होता. उन्हं कलली तसे लोक जमायला लागले. मुंबईहून शिवरात्रीसाठी आलेले, वाड्यावाड्यांतून चालत आलेले, उपासाचे, पोरंबाळं खांद्यावर घेतलेले. समुद्र लाल झाला, मग राखाडी झाला, आणि बापूंनी सुरुवात केली. बायकांच्या बाजूला, मांडवाच्या खांबाशी, मंदावहिनी बसली होती. मागे तिचे वडील उभे होते. ती गाणाऱ्याकडे बघत नव्हती, बापूंकडे नाही, माझ्याकडेही नाही. तिचे डोळे मिटलेले होते आणि मान किंचित पुढे आली होती, अढीच्या खोलीत असायची तशी. ती आता त्या सगळ्या गलक्यातून खालचा आवाज वेगळा काढून ऐकू शकत होती. त्या मांडवात तेवढं कुणालाच येत नव्हतं.

ते गाणं आलं. कडवं संपत आलं. माझं बोट खालच्या स्वरावर होतं आणि ते वर जायला निघालं होतं, मी अडवलं नसतं तर गेलंच असतं. मी तार सोडली. दोन्ही हात लाकडावरून उचलले. त्या एका ठोक्यापुरतं मी काहीच वाजवलं नाही. बापूंनी चमकून मागे पाहिलं. मग ध्रुपद आलं आणि मी पुन्हा गाण्यात शिरलो.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मांडवामागे वायरी गुंडाळत होतो तेव्हा वहिनी वडिलांबरोबर तिथे आली. हातात प्रसादाची पुडी होती, ती तिने माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, "त्या गाण्यात मी वाट बघत होते. तिथं कोण आलं नाय."

मी पुडी घेतली.

"कोणच आलं नाय," ती पुन्हा म्हणाली आणि तिचा चेहरा मोडला. ती वाळूवर बसली आणि रडायला लागली, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने, लहान मुलगी रडते तशी. बापू धावत आले, वायरी धरलेली माणसं तशीच उभी राहिली. तिच्या वडिलांनी सगळ्यांना हाताने थांबवलं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले की भाद्रपदापासून हिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आज रडू दे हिला. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते मोकळे झाल्यासारखे दिसत होते.

वहिनी परत आमच्याकडे गाणं ऐकायला आली नाही. आईला भेटायला यायची, परसातला कढीपत्ता घेऊन जायची. पुढे ती नर्सचं काम शिकली आणि संगमेश्वराकडच्या गावांतून बाळंतपणं करत फिरली. अडलेली बाई असली की लोक तिचंच नाव घ्यायचे. तिने दुसरं लग्न केलं, तिला मुलगी झाली. ती कॅसेट मी तिला देऊ केली होती. तिने हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. आमच्या हवेत टेपवर पांढरी बुरशी चढते. तिच्यावरही चढली. मी ती पुसली नाही आणि कुठल्या यंत्रात घातलीही नाही. बाबा पुढच्या पावसाळ्यात गेले. मोठ्याने वाजवायला घर मोकळं झालं, तरी मी दुपारी अढीच्या खोलीत कान झाकूनच बसत राहिलो. उजवा कान मी कधी जोडला नाही. तरीही मोहराच्या दिवसांत कधीतरी त्या मुक्या बाजूने, केसभर उशिरा, काहीतरी पायरी उतरल्यासारखं वाटायचं. मी थांबलो की तेही थांबायचं.

वेळणेश्वरहून त्या रात्री परतताना टेम्पोत बापू माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं की ध्रुपदाआधी चुकलास का. मी नाही म्हणालो. पुढच्या कार्यक्रमात ते गाणं आलं तेव्हा त्या ठोक्याला बापूंनीही अ‍ॅकॉर्डियनवरची बोटं उचलली. त्याच्या पुढच्या वेळी ढोलकवाला थांबला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. खेडला, संगमेश्वरला लोकांना वाटायचं ही बापूंची बसवलेली लकब आहे, आणि काही जण त्या जागी हौसेने टाळी द्यायचे. किनाऱ्यालगतच्या गावांत मात्र टाळी पडत नसे. तिथे एका ठोक्यापुरता सगळा ऑर्केस्ट्रा गप्प व्हायचा, आणि माडांच्या पलीकडून समुद्र ऐकू यायचा.